जपानी भांड्यांतून पाहुणचार: हळद, पावसाळा आणि माच्चा

पार्लेकर_मी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात चार जपानी पाहुणे संध्याकाळी घरी येणार आहेत. पार्ल्याचा फ्लॅट, जेवण नाही, चहा आणि थोडं खाणं. हाताशी असलेली जपानी भांडी अशी (नावं तिथल्या कुंभारकामाच्या गावांची): हागीचा एक चहाचा वाडगा (फिकट गुलाबी, झिलईवर बारीक तड्यांची जाळी), बिझेनचे दोन बिनझिलईचे पेले, तोकोनामेची बाजूला दांडी असलेली लाल चहादाणी, आरिताच्या निळ्या-पांढऱ्या पाच बशा (सहावी फुटली असावी), आणि काठाचा टवका उडालेला एक पातळ जुना कप. सगळं खोक्यांत पडून आहे, अजून वापरलेलं नाही.

शंका अशा. वापरण्याआधी भांडी तांदळाच्या धुवणात उकळायची असं एकीकडे वाचलं, दुसरीकडे नुसती धुवा म्हणतात. खरं काय? आपल्या खाण्यातल्या हळदीने आणि तेलाने ती खराब होतील का? पावसाळ्यात बुरशीचं काय करायचं? माच्चाचं (हिरव्या चहाच्या बारीक पावडरीचं) नक्की प्रमाण काय? टवक्यासाठी ऑनलाइन मिळणारं सोनेरी एपॉक्सीचं किट चालेल का? आणि मांडताना काय टाळायचं?

मातीकाम

सगळ्यांना एकच औषध देऊ नका. तुमच्याकडच्या चारही भांड्यांची माती वेगळी आहे आणि ती किती पाणी पिते त्यावर पुढचं सगळं ठरतं.

आरिताच्या बशा पोर्सेलीनच्या. आरितात १६१६ पासून पोर्सेलीन बनतंय असं परंपरा मानते. इझुमियामाचा दगड कुटून त्याची माती करत. ही माती भट्टीत पूर्ण घट्ट होते, पाणी जवळजवळ शोषतच नाही. धुतलं की झालं. फक्त झिलईच्या वर लाल-सोनेरी रंगकाम असेल तर तारेची घासणी आणि भांड्यांची पावडर लांब ठेवा. आणि सहावी बशी शोधू नका. जपानी संच पाचाचाच असतो, तुमचा पूर्ण आहे.

बिझेनचे पेले ओकायामा प्रांतातल्या इम्बे भागातले. झिलई नाही, पण लाल पाइनच्या लाकडावर दहा-चौदा दिवस चालणाऱ्या भट्टीत, १२०० अंशांच्या पुढे भाजल्यामुळे माती दाट होते. यांना धुवण लागत नाही. साध्या पाण्यात थंडपणापासून सुरू करून दहा-पंधरा मिनिटं मंद उकळा आणि त्याच पाण्यात गार होऊ द्या. बूड हातावर फिरवून बघा. खरखरीत असेल तर टेबलावर ओरखडे पडतात. ४०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून बुडावर गोल फिरवला की मिनिटभरात काम होतं.

धुवणाची खरी गरज हागीला. यामागुची प्रांतातली ही माती सैल असते, कमी आंचेवर भाजलेली, आणि झिलई गार होताना मातीपेक्षा जास्त आक्रसते म्हणून ती जाळी पडते. चहा त्या जाळीतून आत जातो आणि वर्षांनुवर्षांत वाडग्याचा रंग पालटतो. जपानी चहाविधी करणाऱ्यांना ते हवंच असतं. पण पहिल्याच दिवशी तेलकट काही गेलं तर डाग कायमचा.

कृती: मोठ्या पातेल्याच्या तळाशी जुना सुती कपडा अंथरा, नाहीतर उकळताना वाडगा आपटतो. तांदळाचं पहिलं, दाट, पांढरं धुवण घ्या. वाडगा पूर्ण बुडला पाहिजे, अर्धा बाहेर राहिला तर तिथे रेष उमटते. गॅस बारीक. उकळी फुटल्यावर वीस मिनिटं तसाच ठेवा, मग गॅस बंद आणि झाकण न काढता पाण्यातच गार होऊ द्या, साधारण तीन-चार तास. पाण्यातला स्टार्च भोकांमध्ये जाऊन बसतो आणि बऱ्यापैकी सील होतो. नंतर नुसत्या पाण्याने धुऊन किमान दोन दिवस वाळवा, तुमच्याकडे जुलैत चार दिवस धरा. धुवण नसेल तर लिटरभर पाण्यात मोठा चमचा तांदळाचं पीठ कालवा.

लोक नेमके तीन ठिकाणी चुकतात: गरम पाण्यात थंड वाडगा टाकतात (तडकतो), उकळलेला वाडगा लगेच नळाखाली धरतात (तडकतो), आणि पुरेसा न वाळवता खोक्यात ठेवतात. तिसऱ्या चुकीत तर तोच स्टार्च बुरशीचं खाद्य होतो. नवा हागी वाडगा सुरुवातीला बुडातून थोडा पाझरू शकतो, तो दोष नाही. खाली ताटली ठेवा, वापरता वापरता थांबतं.

राकूचा वाडगा कधी हाती आला तर मात्र हे उकळणं अजिबात करू नका. ती माती याहून मऊ असते. चहाविधीवाल्यांची वाडग्यांची जुनी क्रमवारी आहे, पहिला राकू, दुसरा हागी, तिसरा कारात्सु, आणि जपण्याचा त्रासही जवळपास त्याच क्रमाने.

तोकोनामेच्या चहादाणीला फक्त गरम पाणी. साबण नको, माती वास धरते. तिच्यात दुधाचा मसाला चहा एकदा केलात तर पुढचा हिरवा चहा वेलची-आल्याचाच लागेल.

सोलकढी_स्पेशल

हळदीबद्दल. प्रश्न फक्त हागीपुरता आहे, आरिताच्या बशांवर खुशाल बटाटेवडा ठेवा. हागीत किंवा तशा जाळीदार झिलईत कालवण, वरण, लोणचं काहीच नको.

वाढण्याआधी भांडं पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवायचं आणि पुसून लगेच वापरायचं. भोकं आधीच पाण्याने भरलेली असली की तेल, रंग आत शिरायला जागा उरत नाही. जपानी घरांत ही रोजची सवय आहे. कोरडं भांडं आणि गरम तेलकट पदार्थ, यानेच सत्यानाश होतो.

तरी डाग पडलाच तर आधी साबणाच्या मागे लागू नका. क्षारयुक्त साबणाने हळद लाल होते आणि माणूस घाबरून आणखी घासतो. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. भांडं ओलं करून थेट उन्हात ठेवा, दोन-तीन दिवसांत बराचसा उडतो. जुलैत ऊन कुठून आणायचं हा प्रश्न रास्त आहे, पण ढगाळ उजेडातही हळूहळू फिकट होतो. घाई असेल तर ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट: लिटरभर कोमट पाण्यात एक सपाट मोठा चमचा, अर्धा तास, मग दोन-तीनदा स्वच्छ पाण्यात भिजवून निथळवा. क्लोरीनचं ब्लीच नको, सच्छिद्र मातीत त्याचा वास अडकतो. सोन्या-चांदीचं काम किंवा लाखकाम असलेल्या भांड्याला तर परकार्बोनेटही नको.

बुरशी: धुतलेला वाडगा पालथा ठेवू नका. आतली वाफ तिथेच कोंडते आणि बूड, जिथे झिलई नसते आणि जे सगळ्यात जास्त पाणी पितं, ते ओलंच राहतं. जाळीच्या रॅकवर आडवा, पंख्याखाली. एसी असेल तर रात्रभर ड्राय मोडवर त्या खोलीत. काळे ठिपके आलेच तर साध्या पाण्यात पंधरा मिनिटं उकळून पुन्हा वाळवणं, एवढंच. कपाटात डांबराच्या गोळ्या असतील तर आधी त्या बाहेर काढा. त्यांचा वास मातीत शिरला की चहाची चव संपली.

लाकडी खोकं फेकू नका. किरीच्या (एका हलक्या जपानी लाकडाच्या) फळ्यांचं असेल आणि झाकणावर शाईने लिहिलेलं, लाल शिक्का असेल तर ती कुंभाराची सही आहे. विकताना वाडग्याइतकंच खोकंही बघतात. आत वर्तमानपत्र नको, सुती कापड. खोकं भिंतीला टेकवून ठेवू नका, आपल्याकडच्या भिंती पावसाळ्यात घाम गाळतात.

बंड्या_गिरगाव

एवढा सोपस्कार? पाहुणे माणसं आहेत, परीक्षक नाहीत. कटिंग द्या काचेच्या ग्लासात, खूश होऊन जातील.

पानसुपारी

बंड्या, तुमचं अर्धं बरोबर आहे आणि तेवढ्यासाठीच मी सांगेन की माच्चाचा मोठा घाट घालू नका. माच्चाची रीतसर बैठक हे जपानमध्येही वर्षानुवर्षं शिकून करायचं काम आहे. घरी आलेल्या माणसाला ते सेंचा (पत्तीचा हिरवा चहा) किंवा होजिचा (भाजलेल्या पत्तीचा) देतात. तुमच्याकडे तोकोनामेची चहादाणी आहे म्हणजे मुख्य वस्तू आहेच. ती सेंचासाठी वापरा आणि माच्चा हवाच असेल तर शेवटी हागीत एकेकाला.

सेंचा, पाच जणांसाठी: १० ग्रॅम पत्ती, ३५० मिलि पाणी, ७० ते ८० अंश. चहादाणी तेवढी मोठी नसेल तर दोन खेपा करा. थर्मामीटर लागत नाही. उकळलेलं पाणी आधी रिकाम्या कपांत ओता. यात तीन कामं होतात, कप गरम होतात, पाणी मापलं जातं आणि ते दहाएक अंशांनी उतरतं. आणखी एकदा भांडं बदललं की हव्या त्या तापमानाला येतं. मग कपांतलं पाणी चहादाणीत, झाकण, मिनिटभर थांबा, हलवू नका. ओतताना एक कप पूर्ण भरून दुसऱ्याकडे जायचं नाही. १-२-३-४-५ थोडं थोडं, मग उलट ५-४-३-२-१, म्हणजे सगळ्यांना सारखी चव मिळते. शेवटचा थेंबही झटकून काढा. पाणी आत राहिलं तर पत्ती कडू होते आणि दुसरा चहा बिघडतो. कप एकसारखे नसले तरी चालतात, बिझेनचे दोन आणि बाकी साधे चिनीमातीचे.

माच्चा: माणशी २ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि ७० मिलि पाणी, ८० अंश. पावडर बारीक चाळणीतून चाळाच, मुंबईच्या हवेत तिच्या गुठळ्या होतात आणि फेटून फुटत नाहीत. डबा फ्रिजमध्ये ठेवला असेल तर उघडण्याआधी तासभर बाहेर काढा. थंड डबा दमट हवेत उघडला की आत पाणी धरतं आणि पावडर मंदावते. उघडलेला डबा तीन-चार आठवड्यांत संपवा.

वाडग्यात गरम पाणी ओता, त्यात बांबूची फेटणी मिनिटभर ठेवा म्हणजे काड्या मऊ होतात, मोडत नाहीत. पाणी टाका, वाडगा सुती कपड्याने कोरडा पुसा. ओल्या वाडग्यात पावडर चिकटते. मग पावडर, पाणी, आणि मनगटाने पुढे-मागे झपाझप, तळाला न घासता, पंधरा-वीस सेकंद. गोल ढवळलं तर फेस येत नाही. फेटणी नुसत्या गरम पाण्याने धुवा आणि उघड्यावर वाळवा. ज्या प्लास्टिकच्या नळीतून ती आली तिच्यात परत घातली की आठवड्यात बुरशी.

गोड आधी, माच्चा नंतर. गोड खाऊन झाल्यावर कडू चहा बसतो. नारळाची वडी उत्तम, पण लहान कापा, दोन घासांत संपेल एवढी, आणि वेलचीचा हात आखडता. केशर-वेलचीचं पेढ्यासारखं काही दिलं तर चहाची चव मरते.

मांडणीत. वाडग्याला पुढची बाजू असते: जिथे झिलई सगळ्यात सुंदर उतरली आहे ती. ती पाहुण्याकडे करून द्यायची. पाहुणा बहुतेक वाडगा थोडा फिरवून पिईल, त्या बाजूला ओठ लागू नयेत म्हणून. त्याने फिरवला म्हणजे काहीतरी चुकलं असं समजून सावरायला जाऊ नका. पिऊन झाल्यावर तो बहुधा वाडगा उलटा करून बूडही बघेल. जपानी चहात तो आदर आहे, पण मातीचा वाडगा उंचावर हातात असणं धोक्याचं, म्हणून टेबलावर जाड कापड अंथरा. देताना दोन्ही हात, आणि यजमानाने अंगठ्या, घड्याळ, बांगड्या काढून. काठाला धातू लागला की टवका उडतो, तुमच्या कपाचं बहुधा तेच झालंय.

जपानी चहाविधीचे गुरू सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) यांचे म्हणून सांगितले जाणारे सात नियम आहेत. त्यातला एक असा की पाऊस नसला तरी छत्री तयार ठेवा. जुलैच्या मुंबईत तो पहिल्या नंबरावर घ्या. दाराशी ओल्या छत्र्यांसाठी बादली, कोरडा नॅपकिन, पायपुसणं, चपलांना जागा. हे पाहुणा येण्याआधी झालेलं असावं, तो आल्यावर धावपळ दिसली तर तोच संकोचतो. चहाघराच्या वाटेवर पाहुणा येण्याआधी पाणी शिंपडतात, आपल्याकडे सडा घालतात तसंच. इमारतीच्या पॅसेजमध्ये ते करू नका, कुणी घसरेल. दारातल्या कुंड्यांना तेवढं पाणी द्या.

जोडकाम

टवक्याबद्दल. एपॉक्सी आणि पितळी पावडरचं किट शोभेच्या वस्तूला ठीक, ओठ लागतो तिथे नाही. त्यातले बरेच एपॉक्सी खाण्यापिण्यासाठी प्रमाणित नसतात, गरम चहाने मऊ पडतात, आणि पितळ काळवंडतं.

खरं किन्त्सुगी, म्हणजे फुटकं भांडं सोन्याने सांधण्याची जपानी पद्धत, उरुशीवर चालतं. उरुशी म्हणजे झाडाचा चीक, आंबा-काजू-बिब्ब्याच्या कुळातला. म्हणून बिब्बा किंवा आंब्याचा चीक ज्यांच्या अंगावर उठतो त्यांनी याला हात लावू नये. बाकीच्यांनी नायट्राइलचे हातमोजे आणि पूर्ण बाह्या. कातडीला लागलं तर आधी खोबरेल किंवा कुठलंही तेल लावून पुसा, मग साबण. आपली लाख ही किड्याची राळ आहे आणि गरम झाली की वितळते, तिला उरुशीचा पर्याय समजू नका.

छोट्या टवक्याची कृती: कड बारीक वॉटर पेपरने किंचित खरखरीत करा, गुळगुळीत झिलईवर उरुशी धरत नाही. कच्च्या उरुशीचा पातळ हात देऊन पुसून घ्या. तोनोको नावाची बारीक दगडमातीची पूड पाण्यात मळून तिच्यात साधारण तेवढीच, किंचित कमी, उरुशी घाला. हा लेप टवक्यात भरा. एका वेळी २ मिमीपेक्षा जाड नको. जाड थर वरून सुकतो, आतून कच्चा राहतो आणि महिन्याने खचतो. दर थराला दोन-तीन दिवस. मग पाण्यासह घासून सपाट, त्यावर काळ्या उरुशीचा हात, तो सुकल्यावर पुन्हा घासणं, मग लाल उरुशीचा अगदी पातळ थर. तो अर्ध्या-एक तासाने चिकटसर झाला की रेशमी कापसाने सोन्याची पूड. लवकर टाकली तर सोनं बुडतं, उशिरा टाकली तर धरत नाही.

उरुशी वाळत नाही, ती दमट हवेत घट्ट होते. तिला २० ते ३० अंश आणि ७० ते ८५ टक्के आर्द्रता लागते. इतरत्र यासाठी ओल्या कापडाचं खोकं करावं लागतं, मुंबईत जून ते सप्टेंबर कपाटच पुरतं. मात्र ओल फारच वाढली तर थर वरून झटकन घट्ट होतो आणि सुरकुततो. थर पातळ ठेवणं हाच उपाय. संपूर्ण काम दीड-दोन महिन्यांचं, आणि झाल्यावर आणखी महिनाभर वापरू नका. तुमच्या पाहुण्यांपर्यंत हे होणार नाही.

तसंही, त्या कपाच्या तळाशी काय लिहिलंय ते आधी सांगा.

पार्लेकर_मी

सगळ्यांचे आभार. कपाच्या तळाशी लाल अक्षरांत इंग्रजीत ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ आहे. उजेडात धरला की तळात एका बाईचा चेहरा दिसतो. बाहेरून सोनेरी ड्रॅगन.

चोरबाजार_रविवार

मग तो कप निर्यातीचा आहे. तो शिक्का अमेरिकी ताब्याच्या काळातला, म्हणजे १९५२ च्या आतला. नुसतं ‘निप्पॉन’ असतं तर १८९१ ते १९२१ च्या दरम्यानचा धरला असता, कारण अमेरिकी कायद्याने आधी देशाचं नाव घालायला लावलं आणि पुढे ‘निप्पॉन’ऐवजी ‘जपान’ लिहायला लावलं. तळातला चेहरा रंगवलेला नसतो, पोर्सेलीनची जाडी कमीजास्त करून तो उमटवतात. चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर असे कप सुटे मिळतात, त्यामुळे एका टवक्यासाठी खऱ्या सोन्याचा खर्च करू नका.

महत्त्वाचं: झिलईवरच्या त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं. कप शोकेसमध्ये ठेवा. सोलकढी, लिंबू सरबत, चिंचेची चटणी असलं आंबट तर त्यात मुळीच नको, आंबटपणाने शिसं सुटतं.

अवांतर: जपानी पोर्सेलीन जवळून बघायचं असेल तर काळा घोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातल्या चिनी-जपानी वस्तू आहेत. विकत घेण्याआधी तिथे तासभर घालवला तर बाजारात डोळा फसत नाही.

मातीकाम

पाच कपांची सोय करायची असेल तर जपानहूनच मागवायला हवं असं नाही. सरदार गुरचरण सिंग १९१९ मध्ये जपानला जाऊन हे काम शिकले, आणि १९७१ पासून पाँडिचेरीच्या गोल्डन ब्रिज पॉटरीत तयार झालेल्यांचं काम आज देशभरातल्या स्टुडिओंमध्ये दिसतं. त्यांचं स्टोनवेअर १२०० च्या पुढे भाजलेलं असतं आणि हिरव्या चहाला चांगलं. घेण्याआधी परीक्षा: कोरड्या कपाचं वजन करा, चोवीस तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा वजन. २५० ग्रॅमचा कप ७-८ ग्रॅमपेक्षा जास्त वाढला तर तो पाझरणार. वजनकाटा नसेल तर पाणी भरून रात्रभर कागदावर ठेवा, सकाळी ओलं वर्तुळ दिसलं की समजा. बिनझिलईचे कुंभारवाड्याचे पेले दिसायला गोड, पण ते एवढे भाजलेले नसतात. चहाला मातीची चव येईल.

पार्लेकर_मी

शेवटचं: आमच्याकडे आठवड्यातून दोनदा टँकरचं पाणी येतं. चहाला चालेल?

पानसुपारी

पालिकेचं तलावाचं पाणी मऊ असतं, सेंचाला ते चांगलं. झाकण काढून तीन-चार मिनिटं खळखळून उकळा म्हणजे क्लोरीनचा वास जातो. टँकरचं पाणी बहुधा बोअरचं, जड. त्यात सेंचाचा रंग मळकट येतो, चव सपाट होते आणि हागीच्या जाळीत पांढरे क्षार बसतात. आदल्या दिवशी पालिकेचं पाणी आलं की दोन लिटर स्टीलच्या पातेल्यात भरून झाकून ठेवा. वाडगा शेवटी खंगाळण्यासाठीही तेच वापरा.